तीर्थवंदनेपासून विश्वयात्रेपर्यंत : महाराष्ट्रातील जैन यात्रा-नियोजनाचा एक आढावा

प्रास्ताविक

जगभरातील जैन मंदिरांची एक सलग यात्रा आखावी, ही कल्पना विमानयुगात जन्मलेली वाटते. वस्तुतः अशा यात्रेचे मूळ वाहनात नसून सूचीत आहे. कोणती स्थाने वंद्य मानावयाची, ती कोणत्या क्रमाने घ्यावयाची आणि ज्याला प्रत्यक्ष जाता येत नाही त्याने काय करावयाचे, हे प्रश्न जैन परंपरेने शतकानुशतके हाताळले आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

सूचींची परंपरा

जिनप्रभसूरींचा ‘विविधतीर्थकल्प’ इ. स. १३३३ मध्ये पूर्ण झाला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी मान मिळालेल्या या श्वेतांबर आचार्यांचे काही काळ देवगिरीतही वास्तव्य होते. त्यामुळे प्रतिष्ठान म्हणजे पैठण, नाशिक आणि श्रीपूर म्हणजे विदर्भातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ यांना त्यांच्या ग्रंथात स्वतंत्र कल्प लाभले. दिगंबर परंपरेत हेच कार्य ‘तीर्थवंदना’ या छोटेखानी रचनांनी केले. विद्याधर जोहरापूरकर यांनी संपादिलेला ‘तीर्थवंदनसंग्रह’ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६५ मध्ये प्रकाशित केला. हा संग्रह वाचताना एक गोष्ट जाणवते. वंदना करणारा कवी सर्व स्थळी गेलेला असेलच असे नाही. नामोच्चार हीच त्याची यात्रा होती.

या सूचींमागे एक कसोटी आहे. दिगंबर परिभाषेत ज्या भूमीवर मुनी निर्वाणास गेले ते सिद्धक्षेत्र, तर मूर्तीच्या प्रभावामुळे ख्याती पावलेले ते अतिशयक्षेत्र. महाराष्ट्रातील गजपंथ, मांगीतुंगी व कुंथलगिरी ही पहिल्या प्रकारची क्षेत्रे होत. शिरपूर दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणजे प्रत्येक मंदिर हे तीर्थ नव्हे. विश्वयात्रेचा आराखडा करताना हाच भेद सर्वाधिक अडचणीचा ठरतो, कारण भारताबाहेरील बहुतेक मंदिरे या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत.

न जाता केलेली यात्रा

जैन विश्वरचनेनुसार नंदीश्वर द्वीपावर बावन्न शाश्वत चैत्यालये आहेत. तेथे देव जातात; मानवाला मानुषोत्तर पर्वताच्या पलीकडे गती नाही. तरीही कार्तिक, फाल्गुन व आषाढ या महिन्यांच्या शुक्ल पक्षातील अखेरच्या आठ दिवसांत, अष्टाह्निक पर्वात, श्रावक त्या चैत्यालयांची पूजा आपल्या गावच्या मंदिरात बसूनच करतो. पृथ्वीवरील कोणत्याही प्रवासापेक्षा विशाल अशी ही यात्रा एक पाऊलही न टाकता घडते.

श्वेतांबर समाजातील शत्रुंजय-पट हा याचाच दृश्य आविष्कार होय. कार्तिकी पौर्णिमेस या पर्वताचे चित्रपट मांडून त्यांच्यापुढे भावयात्रा केली जाते. मुंबईत भायखळ्याचे आदिनाथ मंदिर याच दिवशी गजबजते. ते बांधणारे मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ (१७८२–१८३६), चीनशी व्यापार करणारे जहाजमालक होते. त्यांची जहाजे पूर्वेकडे दूरवर गेली, पण यात्रेसाठी त्यांचे मन पालीताण्याकडेच वळले. शत्रुंजयावरील खोल दरी भरून काढून त्यांनी उभारावयास घेतलेल्या टुकेची प्रतिष्ठा त्यांच्या निधनानंतर झाली. समुद्र हा व्यापाराचा मार्ग होता, तीर्थाचा नव्हता.

आगगाडी, कर आणि निर्देशिका

छ’री पालित संघाचे नियम कठोर आहेत : एकदाच भोजन, पायी चालणे, भूमीवर शयन, ब्रह्मचर्य, सचित्त वस्तूंचा त्याग आणि सम्यक्त्वाचे धारण. असा संघ काढणारा संघपती अन्न, तंबू, पहारा आणि वाटेतील संस्थानांशी बोलणी यांचा भार वाहत असे. १८५३ नंतर आगगाडी वाढत गेली तशी ही व्यवस्था व्यक्तीकडून संस्थेकडे सरकली. यात्रेकरू वाढले आणि त्यांच्यावरील करही वादाचा विषय बनला. पालीताणा संस्थानचा माणशी कर जाऊन १८८६ मध्ये वार्षिक १५,००० रुपयांची एकरकमी तडजोड झाली. त्या बोलण्यांत मुंबईच्या जैन असोसिएशनचे तरुण चिटणीस वीरचंद राघवजी गांधी अग्रभागी होते. ती मुदत संपताच वाद पुन्हा उफाळला आणि १ एप्रिल १९२६ पासून सुमारे दोन वर्षे श्वेतांबर समाजाने शत्रुंजयाची यात्राच बंद ठेवली. १९२८ मध्ये वार्षिक ६०,००० रुपयांवर समेट झाला. यात्रा न करणे हेही नियोजनाचे अंग असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

दिगंबर समाजात हिराचंद नेमचंद दोशी यांनी सोलापूरहून १८८५ मध्ये सुरू केलेला ‘जैन बोधक’, १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये उभी राहिलेली तीर्थक्षेत्र कमिटी यांनी हे कार्य हाती घेतले. १९१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेली दिगंबर जैन डिरेक्टरी ही जुन्या तीर्थवंदनेची आधुनिक वारसदार म्हणावी लागेल. फरक इतकाच, की तेथे कवीची जागा गणना करणाऱ्या कार्यकर्त्याने घेतली.

समुद्रापलीकडे

१८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले होते. साधूला वाहन वर्ज्य असल्याने वीरचंद गांधी गृहस्थ प्रतिनिधी म्हणून गेले. तरीही परतल्यावर समुद्रगमनाबद्दल समाजातील एका गटाचा रोष त्यांना सोसावा लागला. परदेशी मंदिरांचा पुढील सारा इतिहास या एका मर्यादेने घडविला आहे. ती मंदिरे साधूंच्या विहारातून नव्हे, तर गृहस्थांच्या स्थलांतरातून उभी राहिली. मोंबासा (१९६३), कोबे (१९८५), लेस्टर (१९८८) आणि पॉटर्स बार (२००५) ही नावे व्यापार व विस्थापन यांचाच नकाशा रेखाटतात. आचार्य सुशीलकुमारांनी विमानाने जाऊन १९८३ मध्ये न्यू जर्सीत सिद्धाचलम स्थापिले, तेव्हा त्या निर्णयावरही परंपरानिष्ठांकडून टीका झाली. त्याच सिद्धाचलमच्या टेकडीवर २०१२ मध्ये सम्मेदशिखराची प्रतिकृती साकारली. भायखळ्यातील पट आणि ही टेकडी यांत तत्त्वतः भेद नाही : मूळ तीर्थ दूर असेल तर त्याचे रूप जवळ आणावयाचे.

तुलनेसाठी दोन स्थळे पुरेशी आहेत. लेस्टरमध्ये एका जुन्या चर्चच्या वास्तूत श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी व श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी एकाच छताखाली आले. अल्पसंख्येने व खर्चाने त्यांना जे शिकविले ते मायभूमीत घडले नाही. शिरपूर येथे दोन्ही पंथांनी १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, १९२९ मध्ये वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९८१ पासून मूर्तीचे दालन कुलूपबंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधील अंतरिम आदेशानंतर ते उघडले. म्हणजे जिनप्रभसूरींच्या सूचीतील महाराष्ट्राचे एक नामांकित तीर्थ चार दशके कोणत्याही आराखड्यात नीट बसू शकले नाही, तर लेस्टर सहज बसले.

विहार आणि विमान

माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडील नेरे हे गाव ज्या पनवेल तालुक्यात आहे, त्याने या सर्व अवस्था पाहिल्या आहेत. मुंबईहून मचव्याने पनवेल बंदरात उतरून बोरघाटाकडे जाण्याचा मार्ग आगगाडीने मागे टाकला. याच तालुक्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबई-पुणे दरम्यान विहार करणारे साधू-साध्वी मात्र पनवेल परिसरातून आजही पायीच जातात, आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबतात. विमानाने विश्वयात्रेस निघालेला श्रावक छ’रीतील एकभोजन, भूमिशयन, ब्रह्मचर्य पाळू शकतो. पायी चालण्याचा नियम मात्र त्याला मोंबासा किंवा न्यू जर्सीच्या मंदिराच्या पायरीपासूनच सुरू करावा लागतो.