माणिकबाग ते पंख्यावरचे तारे

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यात १९३० च्या दशकात महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी वातानुकूलनाची सोय झाली, तेव्हा ते यंत्र वीज किती खाते, हा प्रश्न राजदरबारी गौणच असणार. तो कायद्याने विचारला गेला २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर. २००६ मध्ये आलेले तारांकन आधी ऐच्छिक होते. २०१० पासून वातानुकूलन यंत्रांना सक्तीचे झाले. घरोघरी अहोरात्र फिरणारा छताचा पंखा मात्र २०२३ पर्यंत मोकळा राहिला. हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, ब्रशविरहित मोटरीचा नवा साधारण ३०. पण सक्ती असते विक्रीच्या नव्या मालाला. आपल्या वाड्यांत आजोबांच्या काळापासून घरघरणाऱ्या पंख्याला ती लागू नाही, आणि 'अजून चालतो की!' म्हणून तो उतरवण्याचा विषयही निघत नाही.