‘घाशीराम’ थांबले तेव्हा

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ प्रथम सादर झाले. निर्मिती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची, दिग्दर्शक जब्बार पटेल. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले.

तरुण मंडळी बाहेर पडली; १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. जुन्या संस्थेचे नाव आणि पाठबळ मागे राहिले, पोटापाण्याची साधने मात्र शाबूत होती. पटेल दौंडला डॉक्टर. नाना रंगवणारे मोहन आगाशे वैद्यकाच्याच वाटेवरचे, पुढे मानसोपचारतज्ज्ञ झालेले. सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात. ज्यांची चूल नाटकावर पेटत नव्हती, त्यांना नाटक बंद पाडून वाकवणे कठीण होते. हौशी रंगभूमीला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आले. १९८० मध्ये, विरोध असतानाही, ‘घाशीराम’ युरोपात गेले. आळेकर मात्र १९९६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, तेव्हा कुठे नाटक हीच त्यांची नोकरी ठरली.