कायद्याआधीची पंचवीस वर्षे

मुलींचा बाजार थांबवायचा म्हटले की आपल्याकडे पहिली मागणी येते ती कडक कायद्याची. कायद्यांची वाण मात्र कधीच नव्हती. वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलगी विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही 1860च्या दंडसंहितेतच गुन्हे होते. 1934 साली मुंबई इलाख्याने देवदासी संरक्षण कायदा करून मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरवले आणि देवदासीचे लग्न वैध मानले. यल्लम्मा देवीला जिथे मुली वाहिल्या जात ती सौंदत्ती तेव्हा याच इलाख्यात होती. तरीही पुढे कर्नाटकाला 1982 मध्ये आणि महाराष्ट्राला 2005च्या कायद्याने तीच बंदी पुन्हा घालावी लागली. अंमलबजावणी ढिली होती हे खरेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

खंडोबाला मुरळी किंवा यल्लम्माला जोगतीण म्हणून मुलगी ‘सोडणे’ हा केवळ देवभोळेपणा नव्हता. केसांत जट आली, घरात दुखणे हटेना, की नवस बोलला जाई हे खरे. पण त्यामागे हिशेबही होता. मुलगा नसलेल्या घरात देवाला वाहिलेली लेक मुलासारखी माहेरीच राही, वारस ठरे, म्हाताऱ्यांना सांभाळी. सोडल्या जाणाऱ्या मुली बहुतेक दलित घरांतल्या. वयात आल्यावर गावातला कुणी धनिक तिला ‘ठेवी’, त्याचे मन फिरले की मुंबईच्या कामाठीपुऱ्याची वाट तयारच असे. कायद्याने यातला फक्त विधी पाहिला. मग विधी देवळातून उठला आणि घराच्या बंद दाराआड होऊ लागला.

म्हणून मला 1934पेक्षा 1909 हे साल महत्त्वाचे वाटते. पुण्यात शिवराम जानबा कांबळे ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र चालवत आणि आपल्याच महार समाजाला मुरळ्या सोडू नका म्हणून बजावत. त्यांच्या आवाहनाला शिवूबाई नावाच्या एका मुरळीने पत्र लिहून उत्तर दिले, आणि त्याच चळवळीतल्या गणपतराव गायकवाडांनी तिच्याशी लग्न केले. देवदासीचे लग्न कायद्याने मान्य होण्याला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता. तिच्या समाजातल्या काही माणसांनी ते आधीच मान्य करून टाकले होते.

यावर स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप असा, की सुधारकांनी सुटका म्हणजे लग्न एवढेच समीकरण मांडले. आक्षेप रास्त आहे. 1936 साली परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी हे जिणे सोडा, लग्न करून संसार थाटा असे ठणकावले. पोट कसे भरायचे, हे मात्र त्यांनी त्या स्त्रियांवरच सोपवले. त्या बायकांची अडचण नेमकी तिथे होती. दुसरा आक्षेप गोव्याकडे बोट दाखवतो: तिथल्या देवळांशी बांधलेल्या कलावंतिणींकडे गाणे होते, काही घरांकडे देवस्थानच्या जमिनी होत्या, सुधारणेने ते स्वातंत्र्य हिरावले. पण तिथे मुलगी देवाला वाहण्याचा शेंसविधी बंद करण्याची चळवळ राजाराम पैंगिणकरांसारख्या त्याच समाजातल्या माणसांनी उभी केली आणि मुलांना शाळेत घातले. हाताशी थोडेफार असलेल्या समाजाला ते जमले. सौंदत्तीच्या डोंगरावर येणाऱ्या भूमिहीन घरांना नुसते ‘शिका’ सांगणे फुकट होते.

ती उणीव भरायला सुरुवात झाली फार उशिरा. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली आणि स्वतः जोगतिणी पेन्शन, घर, मुलांच्या शाळेबद्दल बोलू लागल्या. पुढे बेळगाव जिल्ह्यात माजी देवदासींनी ‘मास’ ही आपलीच संघटना उभी केली. बचतगट चालवले आणि कुठल्या घरात मुलगी सोडण्याची कुजबुज आहे यावर नजर ठेवली. कायद्याशिवाय हे झाले असते का? कदाचित नसते; दार ठोठावणाऱ्या बाईच्या पाठीशी फौजदाराची भीती लागतेच. पण बंद दाराआड काय चालले आहे ते फौजदाराला कळत नाही. ते कळते त्याच गल्लीत राहणाऱ्या, कधीकाळी गळ्यात देवीचे मणी बांधून घेतलेल्या बाईला, आणि मुलीच्या आईला तिचेच म्हणणे ऐकावेसे वाटते.