नॉर्वेचं लोणी आणि ढोकीची करडई

माझ्या आजाराबद्दल सगळ्यात जास्त अपराधी कुणाला वाटलं असेल, तर ते माझ्या आईला. आणि तसं वाटायला लावलं मी.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात ऑफिसात बसले असताना उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं. डोळा फिरवला की आत दुखायचं. लाल रंग धुऊन फिका झाल्यासारखा दिसायचा. आधी वाटलं, स्क्रीनमुळे असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, एमआरआय झाला, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी मला 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' असल्याचं कळलं. ढोकीला फोन केला तेव्हा आईला ते नाव उच्चारता येईना. ती आजही 'तुझं ते एमेस' म्हणते.

आजार थोडक्यात सांगते. मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायेलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती या वेष्टणावरच हल्ला करते. जिथं वेष्टण जातं तिथला निरोप मंदावतो किंवा अडतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. पुष्कळ जणांमध्ये हा आजार लाटांनी येतो. झटका येतो, काही आठवडे राहतो, आणि बऱ्याचदा औषधाशिवायही बराचसा ओसरतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती लक्षात ठेवा.

निदान झाल्यावर मी आमच्या धंद्यातले लोक जे करतात तेच केलं. रात्र रात्र वाचत बसले. तिसऱ्या-चौथ्या रात्री रॉय स्वँक सापडले. सकाळी आईला फोन केला आणि म्हटलं, "आई, तूप बंद. लोणी, साय, सगळं बंद. त्यानंच होतं हे."

आई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजी मीच चारलं का गं तुला हे?"

लोण्याचा नकाशा

स्वँक हे न्यूरॉलॉजिस्ट. १९४८ मध्ये ते माँट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये या आजारावर काम करू लागले. युद्धानंतरचा तो काळ. रुग्णाला देण्यासारखं औषध जवळपास नव्हतंच. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेचा नकाशा घेतला. समुद्रकाठी मासेमारी करणाऱ्या गावांत आजार कमी, आत डोंगराळ शेती आणि दूधदुभत्याच्या भागांत जास्त, असं त्यांना आढळलं. १९५२ मध्ये हा अभ्यास छापून आला. निष्कर्ष मोहात पाडणारा होता: दोष लोण्यातल्या चरबीचा.

त्यावरून त्यांनी पथ्य बांधलं. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप, लोणी, साय, मांस यांत असते ती चरबी, दिवसाला २० ग्रॅमच्या आत. सोबत वनस्पती तेल आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल. पुढे ते ओरेगॉनला गेले, पण रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १४४ रुग्णांचा ३४ वर्षांचा हिशोब आला. सुरुवातीला अपंगत्व कमी होतं आणि ज्यांनी पथ्य काटेकोर पाळलं, त्यांतले बहुतेक हिंडते-फिरते राहिले. ज्यांनी पाळलं नाही, त्यांची अवस्था फारच वाईट झाली.

चौतीस वर्षं! हे वाचल्यावर कोण तूप खाईल?

मला तेव्हा एक साधा प्रश्न सुचला नाही, जो ऑफिसात रोज सुचतो. आमच्याकडे कधी कधी असा बग येतो, जो आपोआप उगवतो आणि आपोआप जातो. कुणी सर्व्हर रिस्टार्ट करतो, बग जातो, आणि पुढची दोन वर्षं सगळी टीम रिस्टार्टला हात जोडते. मग एखादा ज्युनियर विचारतो, "रिस्टार्ट केलं नसतं तर?" स्वँक यांच्या अभ्यासात हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. पथ्य पाळणारे आणि न पाळणारे हे गट रुग्णांच्या वागण्यावरून पडले होते. आता, ज्याची तब्येत ढासळत जाते, हात चालत नाही, मन खचतं, त्याचं पथ्यही सुटतं. म्हणजे पथ्य मोडल्यानं माणूस खालावला, की खालावल्यानं पथ्य मोडलं? त्या आकडेवारीतून हे सांगता येत नाही. स्वँक यांची चिकाटी खरी, पण चिकाटीनं गोळा केलेला पुरावाही अपुरा असू शकतो.

घाण्याचं तेल

आईला मात्र या इतिहासातला दुसरा भाग आवडला. तो तेलाचा होता.

१९७३ मध्ये बेलफास्ट आणि लंडनच्या डॉक्टरांनी ७५ रुग्णांवर नीट चाचणी केली. अर्ध्यांना सूर्यफुलाचं तेल, अर्ध्यांना ऑलिव्हचं. कुणाला कोणतं मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, त्याचा उपयोग होतो का ते पाहायचं होतं. त्या गटातले झटके सौम्य आणि कमी काळाचे ठरले. पण एकूण आजार पुढे सरकण्याचा वेग बदलला, असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

लिनोलेइक आम्लात करडई सूर्यफुलालाही मागे टाकते. तिच्या जुन्या वाणांच्या तेलात ते पाऊण हिश्श्याच्या आसपास असतं. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. माझी आजी सांगायची, पूर्वी आमच्या शिवारात रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईचे पाटे असायचे. पीक काटेरी, म्हणून जनावर आत शिरत नसे. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, बी घाण्यावर जायचं. मग ढोकीत तेरणा कारखाना उभा राहिला, पाणी होतं तिथं ऊस आला. पुढे बाकीच्या रानात सोयाबीन आलं. घरातलं तेल पिशवीतून यायला लागलं. आईनं लाकडी घाण्याचं करडईचं तेल शोधून काढलं आणि डब्यात भरून माझ्याकडे पुण्याला पाठवलं. जवसाची चटणीही पाठवली, कारण जवसात ओमेगा-३ असतं असं तिनं मोबाइलवर ऐकलं होतं.

ओमेगा-३ चीही परीक्षा झाली होती. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये तीनशेच्या वर रुग्णांना दोन वर्षं माशाचं तेल देऊन पाहिलं. फरक किंचित चांगल्या बाजूला झुकला, पण योगायोगापलीकडचा म्हणावा इतका नव्हता. तेव्हापासून असे सगळे प्रयोग एकत्र तपासणारे आढावे निघाले, २०२० मध्येही निघाला. सूर तोच: अमुक आहारानं हा आजार आटोक्यात येतो असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही.

मी हे आईला सांगितलं नाही. चटणी चांगली होती.

उरुळीवरून जाताना

धाराशिवहून पुण्याला रेल्वेनं गेलं की दौंडनंतर उरुळी स्टेशन लागतं. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी इथल्या उरुळी कांचनला आले, काही दिवस राहिले, आणि खेडुतांवर निसर्गोपचार सुरू केले. माती, पाणी, सूर्यस्नान, फळं, साधा आहार. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र त्याआधीपासून होतंच. पण गांधींना गरिबाला परवडेल असा उपचार हवा होता, आणि तो खेड्यात. ते निघून गेल्यावर मणिभाई देसाई यांनी आश्रमाला आयुष्य वाहिलं. गंमत अशी की याच मणिभाईंनी १९६७ मध्ये उरुळीतूनच 'बाएफ' ही संस्था उभारली आणि संकरित गाईंमार्फत गावोगाव दूध वाढवलं. स्वँक यांना ज्या दुधाच्या चरबीची भीती वाटत होती, तेच दूध इथं गरिबाच्या ताटात यावं म्हणून धडपड चालली होती. दोघांचेही रुग्ण वेगळे आणि भूकही वेगळी.

गांधींच्या त्या विचारावर मला हसायचं नाही. माझं दर आठवड्याचं इंजेक्शन बीटा इंटरफेरॉनचं. या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं, म्हणजे शार्कोनंतर सव्वाशे वर्षांनी. ते घेतलं की रात्री ताप, अंगदुखी, आणि महिन्याचं बिल पाहून अण्णांचं न बोलणं. अशा वेळी कुणी "हे सगळं सोडा, निसर्गाकडे या" म्हटलं की ते ऐकावंसं वाटतं.

मला तसं म्हणणारं एक केंद्र भेटलं. नाव इथं नको, आणि ते उरुळीचं नव्हे. दूध बंद, गहू बंद, धान्यही जवळपास बंद, रस, वाफवलेल्या भाज्या, आणि गुळवेलीचा काढा. इंजेक्शनबद्दल ते म्हणाले, "शरीराला संधी द्या." मी पाच महिने इंजेक्शन घेतलं नाही.

ते पाच महिने छान गेले, हे कबूल करायला हवं. ताप नाही, अंगदुखी नाही, वजन उतरलं. मी तीन जणांना तो उपचार सुचवलासुद्धा. रिस्टार्टला हात जोडणाऱ्या टीममध्ये मीही होते.

मे महिन्यात ढोकीला होते. पारा बेचाळीसवर. कमरेखाली मुंग्या यायला लागल्या. उष्म्यानं या आजाराची जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच ते टिपलं होतं. अंग थंड झालं की ती जातात. म्हणून मी कूलरसमोर बसून राहिले. तीन दिवस. चौथ्या दिवशी उंबऱ्याला पाय अडकून पडले, तेव्हा अण्णांनी गाडी काढली. एमआरआयमध्ये पाठीच्या कण्यावर नवे डाग होते. सलाइनमधून स्टेरॉइड झालं. पाय बराचसा परत आला, पूर्ण नाही. डावा पाय अजून उंबऱ्याची आठवण ठेवतो.

केंद्राला फोन केला. उत्तर आलं, "पथ्यात कुठंतरी चूक झाली असेल."

फोन स्पीकरवर होता. आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी एकदा भाजीला तुपाची फोडणी दिली व्हती. तुला सांगितलं न्हाई."

त्या क्षणी मला या सगळ्या इतिहासातली खोट दिसली. पथ्य लागू पडलं तर श्रेय पथ्याचं. नाही पडलं तर दोष रुग्णाचा, नाहीतर त्याच्या आईचा. कुठलाच निकाल त्या पथ्याला खोटं ठरवू शकत नाही. ज्या टेस्टमध्ये कोड नापास होऊच शकत नाही, ती टेस्ट आम्ही लिहिलीच नाही असं समजतो.

मुंबईचं ऊन

मग मी पुन्हा वाचायला बसले, या वेळी आपल्या इथलं. हा आजार थंड देशांचा, आपल्याकडे दुर्मिळ, असं फार काळ मानलं जायचं. ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, म्हणून आजार जास्त, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. पण १९८८ आणि १९९० मध्ये मुंबईतल्या पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातली एक डॉ. नोशिर वाडिया यांची. त्या समाजात या आजाराचं प्रमाण लाखामागे विसाच्या आसपास, म्हणजे इथल्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ऊन तेच, शहर तेच, शेजार तोच. म्हणजे रक्तातून आलेलंही काहीतरी असतं. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या वर्षानुवर्षांच्या रक्तनमुन्यांवरून दिसलं की एपस्टाइन-बार या अगदी सर्वसाधारण विषाणूचा संसर्ग झाल्यावर या आजाराचा धोका कित्येक पटींनी वाढतो. जनुकं, विषाणू, ऊन, धूम्रपान, लहानपणचा लठ्ठपणा असे पुष्कळ धागे आहेत. फोडणीतलं तूप त्यात कुठं शोधणार?

गुळवेलीचंही वाचलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. वाद राहू दे. पण माझी प्रतिकारशक्ती आधीच माझ्यावर उलटलेली असताना ती आणखी 'वाढवण्याचा' काढा मी का पीत होते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग आहाराचा उपयोग शून्य? तसंही नाही. अमेरिकेतल्या डॉ. टेरी वॉल्स यांना स्वतःला हा आजार आहे. मांस, मासे आणि भरपूर भाज्यांच्या आहारानं आपण व्हीलचेअरमधून उठलो, असं त्या सांगतात. त्या काळात त्या व्यायाम आणि स्नायूंना विजेची चेतनाही घेत होत्या, हे सांगताना लोक विसरतात. त्यांच्या गटानं २०२१ मध्ये आपला आहार आणि स्वँक यांचा आहार ८७ रुग्णांत समोरासमोर तपासला. दोन्ही गटांत थकवा कमी झाला. एक आहार मांसाकडे झुकणारा, दुसरा चरबी टाळणारा, तरी थकवा दोन्हीकडे कमी! नेहमीचंच खाणाऱ्यांचा तिसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं ते सांगता येत नाही. पण वेळेवर, ताजं, घरचं, पॅकेटातलं टाळून खाल्लं की बरं वाटतं, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकते. आणि या आजारातला थकवा ज्यानं भोगलाय त्याला 'बरं वाटणं' ही लहान गोष्ट वाटत नाही.

ड जीवनसत्त्वाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत जास्त मात्रेनं झटके कमी झाले नाहीत. २०२५ च्या फ्रेंच चाचणीत अगदी सुरुवातीच्या रुग्णांना फायदा दिसला. माझ्या रक्तात ते कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेते. ऊन मराठवाड्यात वाट्टेल तेवढं आहे, मी ऑफिसात असते.

गेल्या वेळ अमावस्येला ढोकीला गेले. सकाळी इंजेक्शन घेतलं, तापाची गोळी घेतली, आणि बैलगाडी नाही तर मामांच्या टेम्पोतून शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पांडव मांडले होते. आंबील, भज्जी, उंडे. उन्हात चालायला नको म्हणून मला कोपीच्या सावलीत बसवलं होतं. आई वाढत वाढत माझ्यापर्यंत आली आणि तुपाची वाटी मागं धरून उभी राहिली. विचारायचं धाडस होत नव्हतं.

एका चमचा तुपात ती सॅच्युरेटेड चरबी साधारण तीन ग्रॅम. स्वँक यांच्या वीस ग्रॅमांतही बसते.

"आई, तुझ्या तुपानं झालेलं नाही हे," मी म्हटलं. "घाल."

तिनं दोन चमचे घातलं.