ठराव मंजूर झाला, पण पैसा कोणाचा?

ब्रिटनमधल्या एखाद्या काउन्सिलचं इतिवृत्त वाचायला घेतलं, की तीन प्रकारचे ठराव हमखास भेटतात. कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाने शस्त्रास्त्र किंवा तेल कंपन्यांतून पैसे काढावेत. बसचं भाडं कमी करावं. अमुक रस्त्याचे खड्डे बुजवावेत. तिन्हींवर भाषणं होतात, मतदान होतं आणि शेवटी ओळ येते: ठराव मंजूर. नवीन संशोधक तिन्ही ओळी सारख्याच वजनाने वहीत उतरवतो. पण त्यांचं वजन सारखं नसतं. का, ते तीन उदाहरणांतून बघू.

आधी वाहतूक. मे 1981 मध्ये ग्रेटर लंडन काउन्सिलची निवडणूक मजूर पक्षाने जिंकली आणि केन लिव्हिंगस्टन नेते झाले. जाहीरनाम्यात भाडेकपातीचं वचन होतं. त्यानुसार ऑक्टोबरमध्ये बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं. योजनेचं नाव 'फेअर्स फेअर'. खर्च भागवायला 'रेट्स' नावाचा मालमत्ता कर वाढवला गेला. ब्रॉम्ली या उपनगरी काउन्सिलच्या हद्दीत भुयारी रेल्वेचं एकही स्टेशन नव्हतं. आम्ही का भरायचं, म्हणत ती कोर्टात गेली. डिसेंबर 1981 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने योजना बेकायदा ठरवली. 1969 च्या वाहतूक कायद्याने एवढ्या तोट्यात सेवा चालवायची मुभा दिलेली नाही, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: करदात्यांच्या पैशाबाबत काउन्सिलवर विश्वस्तासारखी जबाबदारी असते. जाहीरनाम्यात लिहिलं होतं एवढ्यावर त्या जबाबदारीतून सुटका होत नाही. मार्च 1982 मध्ये भाडं जवळपास दुप्पट झालं.

म्हणजे मतदारांनी कौल दिला, सभागृहाने ठराव केला, तरी निर्णय टिकला नाही. कारण पैसा कोणाचा, हा प्रश्न कोर्टात विचारला गेला.

हाच प्रश्न पेन्शनच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. हा फंड कर्मचारी आणि काउन्सिल दोघांच्या वर्गणीतून उभा राहतो, आणि गुंतवणूक बघते नगरसेवकांची समिती. 1980 च्या दशकात अनेक काउन्सिलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी संबंधित गुंतवणूक नको होती. एडिनबरा काउन्सिलने आपल्या ताब्यातल्या विश्वस्त निधींसाठी तसं धोरण घेतलं. हे पेन्शनचे पैसे नव्हते, पण पेच तोच. 1988 मध्ये स्कॉटलंडच्या कोर्टाने धोरण चुकीच्या रीतीने घेतल्याचं सांगितलं. कोर्टाचा आक्षेप वर्णद्वेषाला विरोध करण्यावर नव्हता. लाभार्थींचं हित कशात आहे याचा विचार झाला नाही आणि तज्ज्ञांचा सल्ला घेतला नाही, यावर होता. त्याआधी 1984 मध्ये खाणकामगारांच्या पेन्शनबद्दलच्या खटल्यात आर्थर स्कारगिल यांच्या बाजूलाही इंग्लंडच्या कोर्टाने असंच ऐकवलं होतं: विश्वस्ताने आपली मतं बाजूला ठेवून लाभार्थींचं हित बघावं, आणि ते बहुधा आर्थिक हित असतं.

बरं, मग नैतिक गुंतवणुकीचं दार बंद झालं का? नाही. 2014 मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने दोन कसोट्या मांडल्या: सदस्यांनाही तसंच वाटत असावं असं मानायला सबळ कारण हवं, आणि फंडाला मोठं आर्थिक नुकसान व्हायचा धोका नको. पुढे सरकारने काउन्सिलच्या पेन्शन फंडांना सांगितलं, की परराष्ट्र धोरणाच्या विरोधात जाऊन गुंतवणूक काढू नका. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी म्हटलं, की तेव्हाच्या कायद्यानुसार असा हुकूम देणं मंत्र्यांच्या अधिकाराबाहेर होतं. पैसा काउन्सिलच्या मर्जीचा नाही, तसा सरकारच्या मर्जीचाही नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

आता रस्ते. इथे गणित उलटं आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी रस्ता दुरुस्त केला नाही एवढ्यावरून काउन्सिलला जबाबदार धरता येत नसे. 1961 च्या कायद्याने ती सवलत काढली. 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 41 नुसार देखभाल हे कर्तव्यच आहे, ठराव होवो न होवो. खड्ड्यामुळे कोणी पडलं आणि दावा लागला, तर कलम 58 प्रमाणे काउन्सिलला दाखवावं लागतं की आपण वाजवी काळजी घेतली होती. तिथे सभागृहातलं भाषण उपयोगाचं नाही, रस्ता कधी तपासला याची नोंदवही उपयोगाची. म्हणून रस्त्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी त्या नोंदवह्या आणि दाव्यांच्या फाइली शोधाव्यात.

तेव्हा इतिवृत्त वाचताना प्रत्येक ठरावापुढे तीन रकाने आखा: पैसा कोणाचा, कोणत्या कायद्याखाली, आणि पुढच्या बैठकांत त्याचं काय झालं. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे सोपं जाईल. प्रयोगाचं निरीक्षण आणि प्रयोगाची मांडणी आपण वेगवेगळी लिहितोच की.

फक्त एक सावधगिरी. कोर्टात हरलेला ठराव वाया गेला, असं लिहून मोकळे होऊ नका. 'फेअर्स फेअर' पडल्यावर लंडनने नवी योजना कायद्याच्या चौकटीत काळजीपूर्वक बसवली. ती 1983 मध्ये कोर्टात टिकली, भाडं पुन्हा सुमारे 25 टक्क्यांनी उतरलं आणि त्याच वर्षी ट्रॅव्हलकार्ड आलं. काउन्सिल 1986 मध्ये बरखास्त झाली. ट्रॅव्हलकार्ड तिच्यानंतरही चालू राहिलं.