दर्यावरची रसद

पनवेलच्या खाडीजवळचे कामोठे आज नव्या मुंबईच्या वसाहतीत सामावून गेले आहे. परंतु या खाडीचा पूर्वेतिहास गलबतांचा आणि मचव्यांचा आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी पाण्यावाटे पनवेलला उतरे व मग घाट चढे. त्या मचव्यांना बळ लागे ते भरतीचे आणि वाऱ्याचे, व ही दोन्ही फुकट मिळत. शिडाच्या जहाजास किनाऱ्याची ओढ असे, ती गोड्या पाण्यासाठी आणि शिध्यासाठी.

वाफेचे यंत्र आले आणि जहाजाच्या गळ्यात नवा पाश पडला. कोळसा संपला की बंदर गाठणे भाग. १८३९ साली मुंबई सरकारच्या फौजेने एडन घेतले, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते की, मुंबई ते सुएझ या वाटेवरील आगबोटींना कोळसा घेण्यास हक्काचे ठाणे हवे होते. पुढे कोळशाची जागा तेलाने घेतली. कोळसा पाट्यांनी वाहावा लागे. तेल नळीतून वाहू शकते. हा फरक दिसण्यात लहान, परंतु त्याने आरमाराचे भवितव्य पालटले. १९१७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या 'मॉमी' या तेलवाहू नौकेने भर अटलांटिकमध्ये, चालत्या स्थितीत, विनाशिकांना तेल पुरविले. या प्रयोगाच्या सूत्रधारांत चेस्टर निमिट्झ हा तरुण अधिकारी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील अमेरिकन आरमाराचे आधिपत्य त्याच्याकडेच आले.

तेल नसले म्हणजे काय होते, याचा दाखला 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेने दिला. १९४१ च्या मे महिन्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर थांबली असता तिने तेल भरून घेतले नाही. २४ मेच्या झुंजीत गोळे लागून तिचे बरेचसे तेल निरुपयोगी झाले. अटलांटिकमधील मोहीम सोडून, वेग आवरून, तिला फ्रान्सची वाट धरावी लागली. वाटेत पाणतीराने सुकाणू निकामी झाले आणि २७ मे रोजी ती बुडाली. त्यानंतर जूनमध्ये ब्रिटिशांनी जर्मनांच्या तेलवाहू नौका एकेक करून शोधून काढल्या, तेव्हा तो वैराचा अतिरेक नव्हता. शत्रूचा प्राण कोठे आहे हे त्यांनी ओळखले होते. पानिपतावर रसद तुटल्याने काय ओढवले, हे मराठी माणसास निराळे सांगावयास नको.

हे काम दिसते तितके सोपे नाही. दोन्ही जहाजे काही दशक मीटरांच्या अंतराने, एकाच दिशेने, एकाच वेगाने चालतात. प्रथम बारीक दोर पलीकडे फेकला जातो. त्याच्यामागून जाड दोर, मग तारेला टांगलेली नळी. मधल्या चिंचोळ्या पाण्याचा दाब कमी होऊन जहाजे एकमेकांकडे ओढली जातात, म्हणून सुकाणूवाल्याची नजर क्षणभरही ढळता कामा नये. नळी जोडलेली असेतो दोघांनाही मनासारखे वळता येत नाही. शत्रूने नेमकी हीच घटका साधली तर दोन्ही जहाजे धोक्यात.

भारतीय नौदलाने हा धडा वेळीच घेतला. १९६७ साली जर्मनीत बांधलेली 'दीपक' ही तेलवाहू नौका ताफ्यात आली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' व 'वीर' या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला केला. त्यांचा पल्ला तोकडा होता. म्हणून 'किल्टन' व 'कच्छल' यांच्या जोडीला 'पोषक' ही तेलवाहू नौकाही मोहिमेत होती. कराचीचे तेलसाठे त्या युद्धात पेटले, हे सर्वांस ठाऊक आहे. हल्लेखोरांच्या तेलाची चिंता वाहणाऱ्या 'पोषक'चे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

जुनी 'दीपक' निवृत्त झाली. तिचेच नाव धारण करणारी, इटलीत बांधलेली नवी नौका २१ जानेवारी २०११ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. लांबी १७५ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे २७,५०० टन. पोटात १५,५०० टन तेल व पाणी. ती एकाच वेळी चार जहाजांना तेल देऊ शकते. 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका २०१३ च्या अखेरीस रशियाहून कारवारकडे निघाली, तेव्हा सोबतीला 'दीपक' होतीच.

जर्मनी, रशिया, इटली असे परदेशी हात पूर्वी या नौकांना लागले. कोलकात्यात बांधलेली 'आदित्य' हा २००० सालचा स्वदेशी अपवाद. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र अशा पाच मोठ्या नौका बांधण्याचा करार विशाखापट्टणच्या हिंदुस्थान शिपयार्डशी झाला. प्रत्येकीचे वजन सुमारे ४४,००० टन असेल. तोफांच्या संख्येवरून आरमाराचे सामर्थ्य मोजण्याची रीत जुनी आहे. पण ते आरमार किनाऱ्यापासून किती दूर आणि किती दिवस टिकून राहील, हे या नौकाच ठरवितात. पनवेलच्या खाडीतील मचव्याला जी मोकळीक वारा देत असे, तीच यंत्राच्या युगात आरमाराला मिळवून द्यावयाची, हे त्यांचे काम आहे.