64 दिवस, आणि रक्तदानाचा एक फॉर्म

बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड इथे लिहून टाकतोय. बोललो तसाच आहे, फक्त थोडा साफ केलाय.

सुरुवात आपल्या जामनेरपासून. शिवजयंतीला आमच्याकडे रक्तदान शिबिर असतं. माझे सगळे मित्र रांगेत, आणि मी पाण्याच्या बाटल्या वाटतोय. दरवर्षी माझं कारण वेगळं. कधी हिमोग्लोबिन कमी, कधी अँटिबायोटिक चालू, कधी रात्रभर प्रवास झालाय. एकदा एक मित्र म्हणालाच, "काय रे भो, तुझं हिमोग्लोबिन वाढतच नाही का?"

खरं कारण फॉर्मवर छापलेलं असतं. 2017 मध्ये रक्तदात्यांच्या निवडीचे राष्ट्रीय नियम आले. त्यानुसार पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला रक्त देता येत नाही. काही महिने नाही, कायमचं. एकाच जोडीदारासोबत दहा वर्षं राहणारा असला तरी नाही. प्रत्येक पिशवी एचआयव्हीसाठी तपासली जाते, तरीही नाही. 2021 पासून हा प्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. मी गे आहे. खोटं लिहून रक्त द्यायचं नाही हे मी ठरवलंय, म्हणून बाटल्या वाटतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आजची गोष्टसुद्धा रक्तदानापासूनच सुरू होते. जामनेरात नाही, गोव्यात.

डॉमनिक डिसोझा. बार्देश तालुक्यातला, तिशीच्या आसपासचा पोरगा. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडच्या गोव्यातल्या कामात होता, नाटकात काम करायचा, नियमित रक्त द्यायचा. गे होता. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. आता तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरांनी बोलावून समजावून सांगितलं असेल. नाही. 14 फेब्रुवारी 1989 ला पोलीस घरी आले. त्याला म्हापशाला नेलं आणि क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या, वापरात नसलेल्या एका सॅनेटोरियममध्ये ठेवलं. बाहेर पहारा. आपल्याला नेमकं काय झालंय हे त्याला नीट बसून सांगणारं कोणी नव्हतं. तारीख बघितली ना? व्हॅलेंटाइन डे. तेव्हा आपल्याकडे त्याचं एवढं खूळ नव्हतं, पण मला ती तारीख टोचते.

हे बेकायदा नव्हतं, हीच खरी भीतीदायक गोष्ट. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा 1986 मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या तपासण्यांतून कळली. घबराट पसरली. गोव्याने आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून अशा माणसाला वेगळं कोंडायची सोयच करून ठेवली होती. शिंकेने, हात मिळवल्याने हा व्हायरस पसरत नाही हे जगाला तोवर माहीत होतं. पण सगळ्यात स्वस्त उपाय कुलूप.

तो 64 दिवस आत होता.

बाहेर कोण होतं? आई होती. लुसी डिसोझा. तिने मुंबई उच्च न्यायालयात गोवा सरकारविरुद्ध याचिका केली, आणि ती केस आजही तिच्याच नावाने ओळखली जाते. वकील होते आनंद ग्रोव्हर. आणि मित्र होते. इसाबेल वाझ, इंग्रजीच्या प्राध्यापक आणि नाटककार, त्याच्या नाटकाच्या गोतावळ्यातल्या. या लोकांनी आवाज उठवला, विरोध केला, त्याला सोडलं नाही. 1989 आहे हे लक्षात ठेवा. तेव्हा एचआयव्ही झालेल्या माणसाच्या घरचा चहा प्यायला लोक घाबरत होते. मित्राच्या शेजारी जाऊन बसणं एवढीसुद्धा तेव्हा मोठी गोष्ट होती.

कोर्टाच्या अंतरिम आदेशाने तो बाहेर आला. पण निकाल लागला तेव्हा केस हरली. न्यायालयाने कायदा योग्य ठरवला, कारण एका माणसाच्या हक्कापेक्षा समाजाचं हित मोठं. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. आपल्याला सिनेमाची सवय, शेवटी हातोडा पडतो आणि हिरो जिंकतो. सिनेमाही आला बरं का यावर, ओनिरचा 'माय ब्रदर निखिल', 2005 चा. संजय सुरी त्यात पोहणारा चॅम्पियन आहे. जरूर बघा.

डॉमनिक मग घरात लपून बसला नाही. त्याने आणि इसाबेल यांनी 1992 मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली, एचआयव्हीसोबत जगणाऱ्या लोकांसाठी. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. संस्था अजून काम करते.

थोडी आकडेमोड करतो, इंजिनिअर आहे, सवय जात नाही. तीन औषधं एकत्र देऊन हा आजार आटोक्यात ठेवता येतो हे 1996 मध्ये पक्कं झालं. म्हणजे चार वर्षं उशीर. सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली एप्रिल 2004 मध्ये, म्हणजे बारा वर्षं. एचआयव्ही झालेल्यांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा 10 सप्टेंबर 2018 ला लागू झाला. त्याच्या चारच दिवस आधी, 6 सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून आपल्यासारख्यांना मोकळं केलं होतं. सव्वीस वर्षं. एका आठवड्यात दोन्ही, आणि ज्याच्यासाठी हवं होतं तो नाही.

मरणाचा विचार माझ्या वयाला कोणी करत नाही. मी करतो, आणि तो फार साधा असतो. उद्या मला काही झालं तर दवाखान्यात आत कोणाला सोडतील? ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. 2024 मध्ये केंद्राने कळवलं की बँकेत जॉइंट खातं काढता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल. जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेहही जोडीदाराला ताब्यात घेता येईल. नातेवाईक नसतील तर. मी ते वाक्य वाचून लॅपटॉप बंद केला आणि कांग नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो.

माझा जोडीदार सध्या कोणी नाही. मित्र आहेत. हिमोग्लोबिनवाल्या मित्राला या हिवाळ्यात भरीत पार्टीत सांगून टाकलं. शेतात होतो, पुरीवर भरीत घेत होता तो. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मला वाटलं आता उठून जातो.

"म्हणजे तू सहा वर्षं ते बाटल्यांचं नाटक करतोय?"

हो म्हटलं.

"मग निदान थंड तरी आणत जा ना भो. मागच्या वेळी गरम होत्या."